पाच वाटे, तीन विकले

शैले, तुझ्या नावापुढची चौकट अजून रिकामीच होती.

तेराव्याला माहुलहून निघाले तेव्हा मनाशी म्हटलं होतं, रडून झालं, आता कामाला लागायचं. हात चालू राहिले की डोकं गप्प बसतं. कसलं काय. सोमवारी पवईला ऑफिसात येऊन सिस्टीम उघडली तर पहिल्याच ओळीत तू. सहावी, अपूर्णांक, मांदेलीचा प्रश्न. लेखक शैला, मंजुरी बाकी. अख्खा संच तयार होऊन बसलेला आणि या एका प्रश्नाने दार अडवलेलं. माणूस जातं आणि त्याच्याशी चाललेलं भांडण मात्र आपल्याकडेच राहतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तुझ्या मावशीने तेराव्याला मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तुम्ही दोघी तिथं बसून काय करायच्या गो?" मी सांगितलं, मुलांना फोनवर गृहपाठ जातो, त्यातले प्रश्न आम्ही लिहितो. एक प्रश्न, चार पर्याय. मूल एक पर्याय दाबतं, बरोबर आला तर हिरवा होतो, चुकला तर लाल. "म्हंजे शालाच," मावशी म्हणाली. मी म्हटलं, शाळाच, फक्त पोरं दिसत नाहीत. त्यावर ती सहज म्हणाली, "शैलीला दिसत असतील." मग मला तिथे बसवेना. जेवायला थांबले नाही म्हणून ती रागावली असेल.

पण खरं बोलली ती. तुला पोरं दिसायची. मुलुंडच्या आपल्या शाळेत मराठी माध्यमाचे वर्ग आटत गेले, शेवटी स्टाफरूममध्ये आपण दोघी आणि एक गळका माठ उरला, तेव्हा तूच ही नोकरी शोधलीस आणि मला ओढत आणलंस. इथे सगळी पंचविशीतली पोरं. त्यांची रीत सोपी होती. बरोबर उत्तर लिहायचं आणि चुकीचे तीन पर्याय कॉम्प्युटरकडून भरून घ्यायचे, एक आकडा वर, एक खाली. पहिल्याच आठवड्यात तू मीटिंगमध्ये उठून फळ्यापाशी गेलीस. एक चतुर्थांश अधिक एक तृतीयांश लिहिलंस आणि म्हणालीस, "आमच्या वर्गातला ओंकार वरचा आकडा वरच्यात मिळवायचा आणि खालचा खालच्यात. त्याचं उत्तर यायचं दोन सप्तमांश. हा खरा चुकीचा पर्याय. तुम्ही भरलेत ते नुसते आकडे आहेत, चुका नाहीत."

"मॅम, पण असं करायला वेळ लागेल," निशांत म्हणाला. आपला साहेब, आपल्या मुलांच्या वयाचा.

"लागू दे की. चुकायला वेळ लागतोच."

तिथून आपलं चुकायला बसणं सुरू झालं. जेवण झालं की एकीने प्रश्न पुढे ठेवायचा आणि दुसरीने कागद-पेन घेऊन मूल व्हायचं आणि मनापासून चुकायचं. जी चूक कागदावर उतरेल तोच पर्याय. लोकांना वाटायचं या दोन बाया पॅन्ट्रीत बसून टाइमपास करतात. मला ते कधी नीट जमलं नाही. तू खेकसायचीस, "खोटं चुकू नको रेखे. उत्तर माहीत असल्यासारखी चुकतेस तू." तू मात्र चुकायला बसलीस की खरंच अकरा वर्षांची व्हायचीस. जीभ बाहेर काढून भागाकार करायचीस. आणि चूक सापडली की तोंड असं उजळायचं की मला तुझा राग यायचा.

राग तर मला तुझा कितीतरी गोष्टींचा यायचा. माझ्या डब्यातलं बांगड्याचं तिखलं अर्धं संपवून म्हणायचीस, "तुम्ही मालवणी लोक तिरफळं घालून माशाची चव मारता." मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करू नयेत असा मेल ऑफिसात फिरला तो तुझ्यामुळे. तू शांतपणे गारच कोळंबी खायला लागलीस, तीही मेल लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून. वाद घातलास की शेवटपर्यंत. संध्याकाळी बसस्टॉपवर माझी मुलुंडची बस आली की तुझं ठरलेलं वाक्य असायचं, "जा आता. उद्या भांडू." तुझं भांडण म्हणजे घरचं जेवण होतं गं, रोजचं. हे तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर डोक्यावर बसली असतीस.

मांदेलीचा प्रश्न तू पुढे ठेवलास तोही अशाच एका दुपारी. 'आईने टोपलीतल्या सगळ्या मांदेलीचे पाच वाटे मांडले. त्यांतले तीन विकले गेले. टोपलीतल्या मासळीचा किती भाग उरला?' मी मूल झाले. आधी लिहिलं तीन पंचमांश, म्हणजे उरलेला भाग विचारला असताना विकलेला सांगितला. मग लिहिलं दोन तृतीयांश, उरलेले वर आणि विकलेले खाली. खूश होऊन म्हटलं, झाल्या दोन चुका, आता बरोबर उत्तर घे, दोन पंचमांश.

"ही तुझी तिसरी चूक," तू म्हणालीस.

मला वाटलं, मस्करी करतेस. तू पेन माझ्या हातातून काढून घेतलंस. "वाटे सारखे होते, हे तुला कोणी सांगितलं?"

"शैले, सहावीचा धडा आहे हा."

"म्हणूनच विचारते."

"मग 'समान' शब्द घाल आणि मोकळी हो."

"तो घातला की प्रश्नच मेला. तो शब्द पोराने मागायला पाहिजे."

तुला काय हवं होतं ते मी नीट सांगते, म्हणजे नंतर मी तुझं वाकडं सांगितलं असं म्हणायला नको. चौथा पर्याय 'सांगता येत नाही', आणि तोच बरोबर. दोन पंचमांश दाबलं तर लाल नाही करायचं, अर्धे गुण द्यायचे आणि खाली ओळ यायची, 'वाटे सारखे होते का? विचारलंस का?' शिवाय प्रत्येक मुलासाठी एक रिकामी जागा, 'असं का वाटलं?', आणि त्याखाली लेखकाला उत्तर द्यायची सोय. गणित म्हणून तू बरोबर होतीस, ते मी तेव्हाही नाकारलं नव्हतं. वाटे सारखे नसतील तर किती भाग उरला ते खरंच सांगता येत नाही.

पण माझंही खोटं नव्हतं. पुस्तकात पोळीचे तुकडे सारखे, कलिंगडाच्या फोडी सारख्या, टँकरच्या पाण्याच्या बादल्याही सारख्या. मुलाला सगळ्यांनी हेच शिकवलं आणि त्याने तेच केलं, तर त्याचे अर्धे गुण का कापायचे? वर्गात निदान बाईंचा चेहरा दिसतो, बाई हसतायत की रागावल्यात ते कळतं. फोनवर नुसता अर्धा गुण दिसतो, आणि पाठीमागे उभी असलेली आई. मी तुला म्हटलं होतं, गृहपाठ म्हणजे सापळा नव्हे. आजही तेच म्हणेन.

तू ऐकतेस थोडीच. "बाजारात वाट्यावरून कोळणींशी भांडतेस, ह्यात दोन कमी, त्यात बारीक जास्त. आणि इथे येऊन खुर्चीत बसलीस की सगळे वाटे सारखे?"

"तिथे मी गिऱ्हाईक असते. इथे सहावीतली पोरं आहेत. माका शिकवू नको."

मालवणीवर घसरले की तुला कळायचं, आता रेखा खरी चिडली. मग तू आवाज खाली आणायचीस आणि एकच वाक्य म्हणायचीस, "तू एकदा तरी विचार ना, वाटे सारखे होते का." मी म्हणायचे, मला काय करायचंय. कितीतरी दुपारी हे असंच चाललं. प्रश्न मुलांपर्यंत जायला लेखकाची आणि तपासणाऱ्याची, दोघांची खूण लागते. 'समान' घातल्याशिवाय मी खूण करेना आणि 'समान' घातला तर तू करेनास. शेवटच्या संध्याकाळीही बसस्टॉपवर तू तेच म्हणालीस. मी बसकडे बघत होते. म्हटलं, "शैले, मला भाजी घ्यायचीय." तू म्हणालीस, "जा. उद्या भांडू." दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या भावाचा फोन आला.

तर सोमवारी निशांत माझ्या टेबलापाशी उभा राहिला. वाईट मुलगा नाही तो, तुला ठाऊकच आहे. तुझ्या बातमीनंतर दोन दिवस त्याने कोणालाच कामाचं विचारलं नव्हतं. पण आता शाळांना शब्द दिला होता आणि संच पाचच्या आत जायलाच हवा होता.

"रेखा मॅम, मी 'समान' टाकलाय. 'सांगता येत नाही' काढून टाकलं. तुमचंच म्हणणं होतं ना ते? तुमची टिक तुम्ही करालच, आता फक्त शैला मॅमची बाकी आहे."

"ती कोण करणार?"

तो जरा घुटमळला. "त्यांचा पासवर्ड तुम्हाला माहितीये ना. आयडी संध्याकाळी बंद होणार आहे. त्याआधी एक टिक, बस. कोणाला काही फरक पडत नाही मॅम."

पासवर्ड मला माहीत होता, माझा तुला होता. मी तुझ्या जागेवर जाऊन बसले. एसीसाठी ठेवलेला तुझा स्वेटर अजून खुर्चीला तसाच होता, त्याला टेकायचं नाही म्हणून मी पुढे सरकून बसले. तुझ्या नावाने आत शिरले. मांदेलीचा प्रश्न उघडला. 'पाच समान वाटे.' अगदी मला हवा होता तसा. कुणाही मुलाचा अर्धा गुण जाणार नव्हता, कुणी आई ओरडणार नव्हती. शैले, मी जिंकले होते. एवढे दिवस घसा कोरडा केला ते सगळं माझ्या मनासारखं समोर आलं होतं, आणि त्याखाली तुझं नाव आणि ती रिकामी चौकट. बोट काही पुढे जाईना. जिवंतपणी जे तू केलं नाहीस ते तू गेल्यावर तुझ्या हाताने करवून घ्यायचं, एवढी हलकट मी नाही. पण उठताही येईना. उठले असते तर पाच वाजता प्रश्न संचातून उडाला असता आणि मांदेली कायमची गेली असती.

निशांतला हाक मारली. विचारलं, "जुना प्रश्न आहे तसा पाठवायचा असेल तर? शैलाने लिहिला तसाच?"

"लेखकाची टिक नाही ना मॅम."

"लेखक बदलता येतो का?"

"येतो. पण मग जुना लेखक पूर्ण पुसला जातो. शैला मॅमचं नाव कुठेच राहणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि तो प्रश्न तर तुम्हालाच मान्य नव्हता. दोन महिने मी तुमची भांडणं ऐकलीयेत."

बघ, कशी अडकवून गेलीस. एक तर तुझं नाव ठेवायचं आणि खाली तुला नको असलेला प्रश्न. नाहीतर तुझा प्रश्न ठेवायचा आणि वर माझं नाव, जिला तो मुळात पटलेलाच नाही. तुझं नाव जपावं असं फार वाटलं. आता ते आणखी कुठे उरणार आहे? शाळेच्या फळ्यावरचं कधीच पुसलं गेलं. इथे निदान प्रश्नाखाली बारीक अक्षरात दिसलं असतं, कुठल्या तरी बोरिवलीच्या पोराला. मग वाटलं, तू नावासाठी कधी भांडलीस? पगारवाढीच्या वेळी तोंड उघडायची नाहीस आणि एका शब्दासाठी दोन महिने माझं डोकं खाल्लंस. तुला काय प्यारं होतं ते मला कळत होतं. पण ते निस्तरायचं होतं मला. तुझा खूप राग आला त्या क्षणी. तुझ्या खुर्चीत बसून मी तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मालवणीतल्या सगळ्या.

तुझ्या आयडीतून बाहेर पडले आणि माझ्या जागेवर आले. जुना प्रश्न उघडला, चारही पर्याय तुझे, अर्ध्या गुणाची ओळही तुझी. लेखकाच्या जागी माझं नाव घातलं. सिस्टीमने एकदा विचारलं, नक्की बदलायचं का. हो म्हटलं. तुझं नाव गेलं. दिसलंही नाही कधी गेलं ते. मग मी माझी खूण केली.

आता मी लेखक, म्हणजे तपासणाऱ्याची खूण निशांतला करावी लागणार होती. तो केस खाजवत उभा. "वाट लागेल मॅम. पालक फोन करतील."

"मला जोडून दे. प्रश्न माझा आहे ना आता."

मग वाकून त्याने खूण केली. पाच वाजायला थोडाच वेळ होता. संच गेला.

फोन आलेच. घाटकोपरच्या एक बाई तावातावाने बोलत होत्या, मुलीचं उत्तर बरोबर असून अर्धेच गुण का. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून तू बोललीस. "वाटे सारखे होते, असं कुठे लिहिलंय का ताई?"

"अहो, वाटे सारखेच असतात ना?"

"तुम्ही मासे घेता?"

"घेतो की."

"मग?"

त्यांचा आवाज जरा उतरला. मग त्या म्हणाल्या, "ते खरंय हो. पण म्हणून मार्क कापायचे?" मी म्हटलं, तुमचंही बरोबर आहे. आणि ते मनापासून म्हटलं. त्यांनी फोन ठेवला आणि मी एकटीच हसत बसले. तुझ्या बाजूने भांडत होते, आणि समोरची बाई माझ्या बाजूने. तू असतीस तर टेबल बडवलं असतंस.

बहुतेक मुलांनी दोन पंचमांशच दाबलं. अर्धा गुण घेतला आणि पुढे गेली. 'असं का वाटलं?' या जागेत कोणी 'माहीत नाही' लिहिलं, कोणी 'सरांनी शिकवलं', कोणी नुसता मासा काढून ठेवला. मी रागाने बघत होते, की बघ, तुझ्या एवढ्या हट्टातून हे निघालं. दुसऱ्या दिवशी दुपारी, आपली चुकायला बसायची वेळ, मी एकटीच डबा उघडून ती उत्तरं खाली सरकवत होते. तेवढ्यात एक दिसलं. मुलगी सहावीतली, एवढंच कळत होतं. तिने 'सांगता येत नाही' दाबलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आधी सांगा वाटे सारखे होते का. मग उत्तर देते.'

डबा बाजूला सरकवला. इतका उर्मट, इतका सरळ. तुझ्याच तोंडचा.

तिच्या ओळीखाली लेखकाच्या उत्तराची जागा उघडी होती. लेखक म्हणजे मी. लिहायला घेतलं आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की मला उत्तर माहीत नाही. प्रश्नातली आई तुझी आई होती, टोपली तिची होती, हे मला माहीत होतं, तू कधीतरी ओझरतं बोलली होतीस, आईबरोबर बाजारात बसायचीस ती तू एकटीच. पण त्या दिवशी काय झालं होतं, उरलेले दोन वाटे कसे होते, त्यांच्यापुढे बसून तू काय बघितलंस की एवढ्या वर्षांनी त्याचा प्रश्न केलास, हे मी कधी विचारलं नाही. तू रोज म्हणत होतीस, विचार. मला वाटायचं, तू वादात जिंकायला म्हणतेस. तुझी आई जाऊन किती वर्षं झाली. त्या टोपलीपाशी बसलेलं आता कोणीच उरलं नाही.

मग मी त्या मुलीला लिहिलं, 'हा प्रश्न शैलाबाईंचा आहे. वाटे सारखे होते का, ते त्यांनाच माहीत होतं. त्यांच्याशी मी खूप भांडले, पण एवढं विचारायचं राहून गेलं. तू आधी विचारलंस, पूर्ण गुण.' आणि पाठवलं. खाली माझं नाव आलं, पण वर तुझं आहे. आता ते कुणी पुसणार नाही, मुलाला गेलेलं उत्तर सिस्टीम परत घेत नाही.

अजूनही मला वाटतं, अर्धा गुण कापायला नको होता. ते मी सोडणार नाही. पण ते उद्या.

आज एवढंच सांग. शैले, वाटे सारखे होते का गं?